सनद हाती आल्यावर

चि. मृण्मयीस,


तुला महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद मिळाल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला. आता अखिल भारतीय बार परीक्षा लांबणीवर टाकू नकोस.

सनद कौन्सिल देते, पण वकिली अंगी मुरते ती कोर्टात आणि वकील संघात. म्हणून तालुक्याच्या संघाचं सभासदत्व लगेच घे. ज्येष्ठ वकील उलटतपास घेत असतील तेव्हा मागच्या बाकावर बसून ऐक. संध्याकाळी संघाच्या ग्रंथालयात त्याच मुद्द्यावरचे निवाडे काढून वाच.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. फी न देऊ शकणाऱ्या पक्षकाराचं कामही तू फी देणाऱ्याच्या तोडीचंच करावंस.

त्यामागचा हक्क सांगणारा होसकोट खटला तू अभ्यासला असशीलच. बनावट पदव्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं होसकोट यांना शिक्षा दिली, पण निकालाची नक्कल वेळेवर हाती पडली नाही. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागायला चार वर्षांहून जास्त उशीर झाला. १९७८ साली न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलं, की कैद्याला निकालाची मोफत नक्कल आणि गरज असेल तर वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. घटनेच्या कलम ३९-अ मध्ये मोफत विधी साहाय्याचं तत्त्व होतंच. त्याला यंत्रणा दिली १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं.

त्या कायद्याचं कलम १२ पाठ कर. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतले आरोपी, औद्योगिक कामगार यांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई दागिना गहाण टाकून वकिलाची फी भरते, कारण हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तू सांग. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज लिहून दे, १५१०० हा मदतवाहिनीचा क्रमांक दे.

समितीच्या पॅनेलवर यायला साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो. तोवर पॅनेलवरच्या वकिलांच्या हाताखाली राब. पुढे अशी नेमणूक मिळाली, की तारखेच्या सकाळी कागद उघडू नकोस. आधी तुरुंगात जाऊन आरोपीला भेट, दोषारोपपत्र वाच, जामिनाचा अर्ज वेळेत दे. समिती देते ते मानधन थोडं असतं. त्या मापानं मेहनत मोजू नकोस. वकील निवडण्याची ऐपत ज्याला नाही, त्याचा सगळा भरवसा तुझ्या तयारीवर असतो. तो कधी मोडू नकोस.

तुझा,
मामा