मनाच्या आजारावर गावचा डॉक्टर पुरेसा आहे का?

प्रश्न : आईला काही महिन्यांपासून झोप नाही, छातीत धडधडतं, अंग दुखतं. ईसीजी, रक्त सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, "टेन्शन आहे." नागपूरला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावंच लागेल का?
– एक वाचक, जवाहरनगर (जि. भंडारा)

उत्तर : लगेच नाही. नैराश्य आणि चिंता बहुतेकदा दवाखान्यात येतात ती अंगदुखी, थकवा, धडधड अशा रूपात. प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टर नऊ प्रश्नांच्या 'पीएचक्यू-९' चाचणीने नैराश्याचा अंदाज घेऊ शकतो आणि उपचारही सुरू करू शकतो.

गोव्यात हे तपासून पाहिलं गेलं. 'संगत' संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या प्रयोगात प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक डॉक्टरांच्या जोडीला बसले. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, नेहमीच्या उपचारांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

विदर्भातही उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 'विश्राम' उपक्रमाने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले. नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मधेच बंद करू नयेत.

आत्महत्येचे विचार, भास किंवा खाणंपिणं सुटणं दिसलं, तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.