नुसतं बसवून ठेवलं

शहादा,
रविवार सकाळ

चि. बापू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री ताईचा फोन आला. म्हणाली, "अटक नाही केली रे, नुसतं बसवून ठेवलं. आता घरी आलाय. तू त्याला काही बोलू नको." तेव्हा मी बोललो नाही. पण तिचं ते 'नुसतं' दोन दिवस माझ्या कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करून विषय मोडशील. पत्र तुला पुरतं वाचावं लागेल.

ताईकडून कळलं ते असं. सुरतेहून परतताना रात्री अकराच्या सुमारास नाक्यावर तुझी गाडी अडवली. हवालदाराच्या मोबाइलमध्ये चोरीच्या गाड्यांची यादी होती आणि तिच्यातल्या एका नंबरचे शेवटचे चार आकडे तुझ्या नंबराशी जुळले. ती गाडी एमएचची, तुझी जीजेची. हे तू सांगितलंस, कुणी ऐकलं नाही. आरसीवर नाव सुरतेच्या माणसाचं, गाडी तुझ्या हातात आणि तू तळोद्याचा. मग ठाण्यात नेलं, मोबाइल काढून घेतला आणि पहाटेपर्यंत बाकावर बसवलं. पहाटे साहेब आले, बॅटरी घेऊन त्यांनी स्वतः चेसिस नंबर पाहिला आणि पाच मिनिटांत म्हणाले, "जा." गाडी मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. हातात एक चिठोरादेखील नाही.

आणि आता तू म्हणतोस, गाडी विकून टाकतो.

बापू, गाडी विकायची नाही. का नाही, ते सांगतो. ही गोष्ट मी आजवर ताईलाही, तुझ्या आईलाही, सांगितलेली नाही.

१९८६ साली मला आश्रमशाळेत नोकरी लागली. तिसऱ्या पगाराला मी सायकल घेतली, हिरवी, नवी कोरी. हँडलचा कागदही काढला नव्हता. पंधरा दिवसांनी संध्याकाळी बाजाराहून परतताना दोघा पोलिसांनी हात केला. "सायकल कुणाची?" मी म्हणालो, माझी. त्यातल्या एकाने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुझी कशी?" मी शिक्षक आहे हे सांगितलं, ते त्याला खरं वाटलं नाही. पावती घरी, ट्रंकेत. रात्रभर मला पडवीत बसवलं. सकाळी दुकानदाराला बोलावलं, तो म्हणाला, होय, याला मीच विकली. सोडताना त्यांनी एक कोरा कागद पुढे केला आणि मी त्याच्यावर सही केली. पोरांना सही गिरवायला शिकवणारा मास्तर मी, कोऱ्या कागदावर सही करून बाहेर आलो! त्यावर पुढे काय लिहिलं गेलं, ते मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर सहा महिने ती सायकल भिंतीला टेकून होती. मी पायी शाळेत जायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, चालायला बरं वाटतं. माझ्या कष्टाची वस्तू मीच चोरीच्या मालासारखी लपवली. त्या रात्रीपेक्षा त्या सहा महिन्यांची मला आजही जास्त लाज वाटते. म्हणून सांगतो, गाडी विकू नको. गुपचूप विकलीस तर ज्यांनी शंका घेतली त्यांना तू स्वतःच दुजोरा दिल्यासारखं होईल.

'तुझी कशी?' हा प्रश्न माझ्यापासून सुरू झाला नाही आणि तुझ्यापाशी संपलेला नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात कोणत्या जमातीत जन्मला एवढ्यावरून माणूस चोर ठरायचा. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण ती नजर कागद फाडून जात नाही. इथे शहाद्यात १९७० च्या आगेमागे बड्या जमीनदारांच्या पीक संरक्षण सोसायटीचे रखवालदार आदिवासी मजुरांवर पीकचोरीचा आळ घ्यायचे, मारायचे. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती त्याविरुद्ध उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. तुझे आजोबा त्या मोर्चांत चालले होते. ते मला म्हणायचे, आळ आला की मान खाली घालायची सवय आपल्याला लागली आहे, ती मोडायला दोन पिढ्या जातील. मी पहिली पिढी, मी मोडू शकलो नाही.

तरी पोलिसांची बाजूही तू समजून घे. आपला जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेशला चिकटलेला. एका राज्यात चोरलेली गाडी तासाभरात दुसऱ्या राज्यात जाते, नंबरप्लेट बदलते, डोंगरातल्या पाड्यावर स्वस्तात विकली जाते. आपल्याच शेजारच्या गुरुजींची मोटारसायकल गेली तेव्हा आपण सगळे म्हणत होतो की नाक्यावर कुणी विचारतच नाही. रात्रीच्या थंडीत उभ्या असलेल्या हवालदाराने परराज्यातल्या नंबराची गाडी थांबवली, कागद मागितले, इथवर त्याचं कामच आहे. माझी तक्रार त्या थांबवण्याबद्दल नाही, त्यानंतरच्या पाच तासांबद्दल आहे. चेसिस नंबर पहाटे पाच मिनिटांत जुळवता आला, तर रात्री अकरालाही आला असता.

आता त्या 'नुसतं बसवून ठेवलं' कडे येतो. मी आपल्या ओळखीच्या वकीलभाऊंकडे तासभर बसून विचारून घेतलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. चौकशीला बोलवायचं तर कलम ३५ खाली लेखी नोटीस द्यावी लागते. अटक करायची तर तिचं कारण सांगावं लागतं, अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते, घरच्यांना कळवावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. हा शेवटचा हक्क तर थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधला आहे. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यातल्या बऱ्याच गोष्टी पोलिसांना बजावून सांगितल्या, अगदी अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी इथपर्यंत. पण कागद न करता संशयिताला रात्रभर बाकावर बसवायची मुभा यात कुठेच नाही. 'बसवून ठेवणं' हा शब्द आपल्या बोलण्यात आहे, ताईच्या तोंडी आहे, कायद्यात नाही. एक मात्र ध्यानात ठेव. नव्या संहितेच्या कलम १७२ प्रमाणे पोलिसाचा कायदेशीर आदेश धुडकावणाऱ्याला ते ताब्यात घेऊ शकतात. म्हणून आदेश मोडायचा नाही, हुज्जत घालायची नाही. विचारायचं, आणि शांतपणे दोनदा विचारायचं: "साहेब, मला अटक केली आहे का? नसेल तर मी जाऊ का? केली असेल तर घरी फोन करू द्या आणि वकिलाला कळवू द्या."

पोलिसाला शंका घ्यायचा अधिकार आहे, बापू. ती शंका त्याला कागदावर उतरवायला लावायचा अधिकार तुझा आहे. गाडी ठेवून घेतली तर जप्तीचा पंचनामा आणि त्याची प्रत माग. रीतसर जप्त झालेली गाडी कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर परत मिळते. ठाण्याच्या आवारात गाड्या गंजत पडू देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलं आहे. तुझी गाडी कागदाशिवाय ठेवली, म्हणून कोर्टातही जाता आलं नाही. आणि सहीचं तर शपथ घालून सांगतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, आणि कोऱ्या कागदावर तर कुणीही म्हटलं तरी नाही.

आता तुझी चूक. आठ महिने झाले गाडी घेऊन आणि आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर! विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नंबरही इथला घ्यावा लागतो. सुरतेच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, काढ. मग फॉर्म २७, २९ आणि ३० भरून नंदुरबारला दे. एमएच ३९ नंबर पडला की नाक्यावरचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतील. तू म्हणशील, टॅक्स भरावा लागेल, दोन चकरा होतील. होतील. आपल्याकडे चोरीच्या मालाबद्दल एक जुनं कलम आहे, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १२४: जवळच्या संशयास्पद वस्तूचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर तोच गुन्हा. अपुरे कागद घेऊन फिरणारा माणूस या कलमाच्या तोंडाशी उभा असतो. तोवर विक्रीचा करारनामा, बँकेतून पैसे दिल्याची नोंद आणि विमा, तिन्हींची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीत ठेव आणि मोबाइलमध्ये फोटो ठेव. आरसी आणि लायसन डिजिलॉकरमधलं चालतं. गाडीचा चेसिस नंबर कुठे कोरला आहे ते आज दिवसाउजेडी शोध, फडक्याने पूस, फोटो काढ. त्या रात्री 'इथे बघा साहेब' असं बोट दाखवता आलं असतं तर बरंच टळलं असतं. पुढे कधी जुनी गाडी घेशील तर आधी 'वाहन समन्वय'वर नंबर टाकून ती चोरीच्या नोंदीत नाही ना, ते बघ. ही सोय राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने केली आहे.

थांबवलं की इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद काढायला कप्प्यात हात घालण्याआधी सांगायचं की कागद काढतो. पळायचं नाही, रात्रीच्या अंधारात गाडी रेटायची तर मुळीच नाही.

आणखी एक, हे सगळ्यांत महत्त्वाचं. पोलिसाऐवजी गर्दीने अडवलं, 'चोर, चोर' ओरडा झाला, तर समजावत बसू नको. ११२ लावायचा आणि कसंही करून पोलिसांकडे पोहोचायचं. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना पोरं पळवणारे समजून गर्दीने ठार मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं ती. त्या दिवसानंतर मी कितीतरी रात्री झोपू शकलो नाही. परवा मला तुझ्यासाठी ज्या भीतीने घाम फुटला, ती हीच होती. ठाण्यातल्या बाकावरून तू निदान घरी आलास.

तक्रार करायला तू घाबरतोस, असं ताई म्हणते. अमेरिकेतल्या अरोरा शहरातली गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या पोलिसांनी एका बाईची गाडी चोरीची म्हणून अडवली आणि सोबतच्या मुलींना जमिनीवर पालथं झोपवलं, धाकटी अवघी सहा वर्षांची. नंबर जुळला होता, पण चोरीला गेलेलं वाहन दुसऱ्या राज्यातली मोटारसायकल होती! त्या कुटुंबाने दावा लावला आणि २०२४ मध्ये शहराला १९ लाख डॉलर द्यावे लागले. तुला पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. पण नंबर जुळला आणि राज्य नाही, ही तुझीच गोष्ट आहे, आणि ती लिहून ठेवल्याशिवाय चूक ही चूक म्हणून कुठे नोंदली जात नाही.

म्हणून साधा अर्ज लिही, एक पान. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, मोबाइल किती वाजता घेतला, गाडी कधी दिली. जातीवरून कुणी बोललं असेल तर ते शब्द जसेच्या तसे लिही, लाजू नको, त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठव. स्टेशन डायरीतली नोंद आणि त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण माहितीच्या अधिकारात माग, आणि लवकर माग. ठाण्याठाण्यांत कॅमेरे लावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, पण चित्रण कायमचं राहत नाही. वकिलाच्या फीची चिंता करू नको. अनुसूचित जमातीच्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न न विचारता. १५१०० हा त्यांचा फोन.

शनिवारी मी तळोद्याला येतो. अर्ज दोघं बसून लिहू, फॉर्म मी आणतो. माझ्या सायकलची पावती ट्रंकेत सापडली, तीही आणतो, तुला दाखवायला. पुढच्या खेपेला सुरतेला जाताना मला गाडीत घे. परतताना रात्र झाली तरी चालेल. नाक्यावर हात केला तर आतला दिवा तू लाव, कागद मी काढून देतो.

ताईला नमस्कार सांग. जेवत जा.

तुझा,
मामा