थंडीत न तापणारा पेलेट स्मोकर

प्रश्न : मिनेसोटातील उणे १५ अंशांच्या थंडीत धुरावर अन्न शिजवणारा आमचा स्मोकर पेटतो, पण ११० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. आतली पेटवणकांडी बिघडली असेल का?

उत्तर : पेटवणकांडीचे काम पेलेट, म्हणजे दाबून बनवलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या, पेटवण्यापुरतेच असल्याने आग लागल्यावर तिला दोष देता येत नाही, पातळ पत्र्यातून निसटणारी आणि वाऱ्याने ओढून नेलेली उष्णता हेच बहुधा खरे कारण असते. म्हणून स्मोकर आडोशाला ठेवून, धुराडे मोकळे राहील अशा बेताने त्याच मॉडेलचे उष्णतारोधक आवरण घालावे, आणि तो पूर्ण थंड असताना अग्निपात्रातील राख काढावी. पेलेटही तपासाव्यात : कोरडी पेलेट कटकन मोडते, तर ओल धरलेली बोटांत भुरभुरते आणि आच देत नाही. गारठा कितीही असो, गॅरेजमध्ये स्मोकर कधीही पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू जीव घेऊ शकतो.