नावामागचे वचन

प्रास्ताविक

बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू समोर आल्या, तर आपण त्यांपैकी एकच निवडतो. कधी तिचा आकार आपल्या हाताला सोयीचा वाटतो, तर कधी तिच्यावरील नाव आपल्या विश्वासाचे असते. वापरणाऱ्याची गरज ओळखून वस्तूची रचना ठरविण्याच्या कार्याला अभिकल्प किंवा डिझाइन म्हणतात. त्या वस्तूला लोकांच्या मनात स्वतंत्र ओळख मिळवून देणारे नाव किंवा चिन्ह म्हणजे नाममुद्रा, अर्थात ब्रँड. ही दोन्ही कार्ये ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवून कशी करावीत, याची तत्त्वे लखनौच्या चिकनकामाच्या उदाहरणातून प्रस्तुत पाठात मांडली आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• ग्राहककेंद्री अभिकल्पाची तत्त्वे सांगू शकाल;
• ग्राहकाची गरज आणि ग्राहकाची तात्कालिक मागणी यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• नाममुद्रा व भौगोलिक मानांकन यांचा संबंध विशद करू शकाल.

मूळ पाठ

१. वस्तूला विचारावयाचे प्रश्न

भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन अभिकल्पक दांपत्य आपल्या देशात आले. १९५८ मध्ये त्यांनी सरकारला एक अहवाल सादर केला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. या दांपत्याने भारतात पाहिलेल्या अनेक सुंदर वस्तूंमधून अहवालात विशेष गौरव केला तो लोट्याचा, म्हणजे आपल्या घरोघरी असणाऱ्या तांब्याच्या जातीच्या भांड्याचा.

लोट्यात पाणी किती मावावे? तो कमरेवर, डोक्यावर की हातात धरून न्यायचा? भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो? पाणी ओतताना धार कशी पडते? आतून तो घासता येतो का? त्याची किंमत परवडते का? असे अनेक प्रश्न त्यांनी उपस्थित केले. या सर्वांची उत्तरे लोट्याच्या आकारात सामावलेली आहेत. ती कोणा एका माणसाने शोधलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी अडचण सांगावी आणि घडविणाऱ्याने ती दूर करावी, या क्रमाने ती सापडत गेली. वापरणारा आणि घडविणारा यांच्यातील हा अखंड संवाद हेच ग्राहककेंद्री अभिकल्पाचे पहिले तत्त्व होय.

२. पांढऱ्यावर पांढरे

हाच संवाद लखनौच्या चिकनकामातही दिसतो. महाराष्ट्रात 'लखनवी झब्बा' म्हणून जो ओळखला जातो, त्यावरील नाजूक भरतकाम ते हेच. गोमतीकाठच्या या शहरात उन्हाळा अतिशय कडक असतो. तलम, पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच धाग्याने केलेले भरतकाम तेथील हवामानाला आणि नबाबी काळातील अभिरुचीला सारखेच अनुरूप ठरले. अंगाला गारवा आणि डोळ्यांना प्रसन्नता या दोन्ही गरजा एकाच वस्त्राने भागविल्या.

हे वस्त्र अनेक हातांतून जाते. शिंपी कापड बेततो. छापणारा लाकडी ठशांनी धुऊन निघणाऱ्या रंगात नक्षी उठवितो. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रिया ती सुईधाग्याने भरतात. शेवटी धोबी छापाचा रंग धुऊन काढतो. टाक्यांचे प्रकारही कितीतरी आहेत. 'तेपची' हा साधा धावदोरा. 'बखिया' कापडाच्या मागील बाजूने भरतात, त्यामुळे तलम कापडातून नक्षीची केवळ छाया दिसते. 'मुर्री' तांदळाच्या दाण्यासारखी उठून दिसते, तर 'फंदा' म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी बारीक गाठ. 'जाळी'मध्ये कापडाचा एकही धागा न तोडता सुईने धागे बाजूला सारून छिद्रे पाडतात.

पाठगत प्रश्न १
(अ) ईम्स दांपत्याने लोट्याविषयी उपस्थित केलेले कोणतेही तीन प्रश्न लिहा.
(आ) चिकनकामाचे वस्त्र लखनौच्या हवामानाला अनुरूप कसे ठरले?

३. मागणी आणि गरज

ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे तो मागेल ते आणि म्हणेल त्या किमतीला देणे, असा समज पुष्कळदा आढळतो. हा समज किती महाग पडतो, हे चिकनकामाच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे.

विसाव्या शतकात चिकनकामाची बाजारपेठ विस्तारली. स्वस्त मालाची मागणी वाढली आणि व्यापाऱ्यांनी त्या एकाच गोष्टीकडे लक्ष दिले. वेळखाऊ मुर्री, फंदा आणि जाळी मागे पडली. भराभर उरकणाऱ्या जाड्याभरड्या बखियाने कपडे भरू लागले. काम नगावर, मजुरी अल्प आणि कारागीर स्त्री व दुकानदार यांच्यामध्ये दलालांची साखळी, अशी स्थिती होती. ज्या स्त्रीला एका कुडत्यामागे अगदीच थोडे पैसे मिळतात, तिने बारीक टाका घालण्यासाठी डोळे का शिणवावेत? कसब उतरले तसा मालाचा दर्जा उतरला; दर्जा उतरला तशी किंमत आणखी घसरली. लखनौच्या या कारागीर स्त्रियांचे जीवन मुझफ्फर अली यांनी १९८६ मधील 'अंजुमन' या चित्रपटात चित्रित केले.

या चक्रात ग्राहकाचाही तोटाच झाला. त्याने स्वस्त कपडा मागितला होता, हे खरे. परंतु त्याला हवा होता तो उन्हाळ्यात सुखद वाटणारा, धुतल्यावर टिकणारा आणि चारचौघांत शोभणारा कपडा. मागणी तोंडाने सांगता येते. गरज मात्र निरीक्षणाने ओळखावी लागते. कपडा कोण वापरणार, कोणत्या ऋतूत व कोणत्या प्रसंगी वापरणार, घरी तो हाताने धुतला जाणार की यंत्रात, हे प्रश्न अभिकल्पकाने विचारले पाहिजेत. नमुना तयार करून तो वापरणाऱ्याच्या हाती द्यावा, त्याचे म्हणणे ऐकावे आणि मगच मोठ्या प्रमाणावर काम हाती घ्यावे.

४. दोन टोके जोडताना

१९८४ मध्ये लखनौत रुना बॅनर्जी आणि सेहबा हुसैन यांच्या पुढाकाराने 'सेवा लखनौ' ही कारागीर स्त्रियांची संस्था स्थापन झाली. संस्थेने दलालांना वगळून स्त्रियांना थेट काम दिले, मागे पडलेले टाके पुन्हा शिकविण्यास आरंभ केला आणि मोठ्या शहरांत प्रदर्शने भरवून माल ग्राहकांपुढे ठेवला. एरवी घराच्या चार भिंतींआड राहणारे कसब अशा रीतीने ग्राहकाच्या नजरेस आले. कोणता टाका किती कठीण आहे आणि त्याला किती वेळ लागतो हे कळल्यावर त्याची किंमतही ग्राहकाला पटू शकते. रुना बॅनर्जी यांना २००७ मध्ये 'पद्मश्री' किताब मिळाला.

या प्रयत्नातून दुसरे महत्त्वाचे तत्त्व हाती येते. अभिकल्प हा ग्राहकासाठी असतो, तसाच तो घडविणाऱ्यासाठीही असतो. वस्तू कोणाच्या हातांनी, किती उजेडात आणि कोणत्या मोबदल्यावर घडणार आहे, याचा विचार न करता केलेली रचना कागदावर सुंदर दिसते. परंतु ती टिकत नाही. कारागिराचे हित साधणे हा ग्राहकावरील अन्याय नसून त्याच्याशी राखलेला प्रामाणिकपणा आहे.

५. नाव कोणाचे?

वस्तू चांगली झाली की तिचे नाव होते आणि नाव झाले की त्याची नक्कलही होते. यंत्रावर भरलेले कापडही 'लखनवी' म्हणून विकले जाते. अशा नावांच्या रक्षणासाठी भारतात १९९९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा संमत झाला व तो २००३ पासून अमलात आला. लखनौच्या चिकनकामाला हे मानांकन २००८ मध्ये मिळाले. व्यापारचिन्ह सामान्यतः एका उद्योगाच्या मालकीचे असते. भौगोलिक मानांकनाचे नाव मात्र त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे सामाईक धन असते.

आपल्या कोल्हापुरी चपलेलाही २०१९ मध्ये असेच मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच धाटणीची पादत्राणे सादर केली, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेख न झाल्याबद्दल टीकेची झोड उठली. ही पादत्राणे भारतीय कारागिरीवरून प्रेरित असल्याचे त्यानंतर कंपनीने मान्य केले. वस्तूवरून तिच्या घडविणाऱ्याचे नाव पुसले जाऊ नये, ही अपेक्षा त्या टीकेमागे होती.

परंतु केवळ कायद्याने नाव राखले जात नाही. नाममुद्रा म्हणजे ग्राहकाला दिलेले वचन होय. हातकामाला हातकाम आणि यंत्रकामाला यंत्रकाम म्हणावे. धुण्याची योग्य रीत वस्तूबरोबर सांगावी. प्रदर्शनातील नमुन्याचा दर्जा प्रत्येक नगात राखावा. वचन एकदा मोडले, तर जाहिरातीवर कितीही खर्च केला तरी ते पुन्हा जुळत नाही. आणि हे नाव सामाईक असल्यामुळे एका विक्रेत्याने मोडलेल्या वचनाची किंमत दूरच्या खेड्यात दाराशी उजेडाला बसून मुर्री भरणाऱ्या स्त्रीलाही मोजावी लागते.

पाठगत प्रश्न २
(अ) मुर्री, फंदा आणि जाळी हे टाके मागे का पडले?
(आ) व्यापारचिन्ह आणि भौगोलिक मानांकन यांतील फरक लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• उत्तम रचना वापरणारा आणि घडविणारा यांच्या संवादातून साकारते.
• ग्राहकाची मागणी ऐकावी. परंतु तिच्यामागील गरज ओळखावी.
• घडविणाऱ्याचा विचार करणारी रचनाच दीर्घकाळ टिकते.
• नाममुद्रा हे वचन असून ते प्रत्येक वस्तूगणिक पाळावे लागते.

शब्दार्थ

तलम – अतिशय पातळ व मऊ. अभिरुची – चांगल्या गोष्टींची आवड व पारख. कसब – कौशल्य. अनुरूप – साजेसे. सामाईक – सर्वांच्या मालकीचे.

स्वाध्याय

१. 'मागणी तोंडाने सांगता येते. गरज मात्र निरीक्षणाने ओळखावी लागते.' या विधानाचा अर्थ स्वतःचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. 'कारागिराचे हित आणि ग्राहकाचे हित परस्परविरोधी नाही.' पाठाच्या आधारे चर्चा करा.
३. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याची वस्तू कोण घेते, ग्राहकाच्या सूचनेवरून त्याने तिच्यात कोणता बदल केला आणि कोणता बदल करण्यास नकार दिला, हे विचारून दहा ओळींत लिहा.