अल्प पटाच्या शाळेतील अध्यापन

डोंगरमाथ्यावरील वाडी, ओढ्यापलीकडील वस्ती किंवा पाचसहा घरांचा पाडा येथील शाळेच्या शिक्षकास आज दोन चिंता वाहाव्या लागतात : एक पाठाची व दुसरी पटाची. तरुण कुटुंबे पोटापाण्यासाठी शहराकडे गेली. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर मुलेही कारखान्याच्या तळावर जातात. घरोघरी मुलांची संख्या घटली. आणि ज्यांना परवडते ते आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसवितात. यांपैकी एकही कारण शिक्षकाच्या हातचे नाही. परंतु पट उतरला की शाळेच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहतो. सन २०१७ च्या डिसेंबरात दहांहून कमी पटाच्या १३०० हून अधिक शाळांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय झाला होता. सन २०२३ च्या सप्टेंबरात वीसांहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याविषयी प्रस्ताव मागविण्यात आले. असे काही घडले की वाडीत कुजबूज सुरू होते, पालक अन्यत्र चौकशी करू लागतात आणि शिक्षकाचेही मन पाठावरून उडते.

अशा वेळी शिक्षकाने एक भेद स्पष्टपणे ध्यानात ठेवावा. शाळा टिकविणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. मुलाचे शिक्षण टिकविणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. शाळा पुढे दहा वर्षे चालो वा येत्या जूनमध्ये दुसऱ्या शाळेत मिसळो, आज वर्गात बसलेल्या मुलाचे पहिलीचे वर्ष पुन्हा येणार नाही. पट टिकावा म्हणून हजेरीपटावर नसलेली नावे चढविणे हा तर उपाय नव्हेच. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीने हा धडा सर्वांना दिला आहे. खोट्या पटाने शाळा वाचत नाही, उलट खऱ्या मुलांवरील विश्वासही उडतो.

अल्प पट ही अडचण की संधी ?

अकरा मुले व चार इयत्ता असा वर्ग पाहून नवा शिक्षक गांगरतो. तो एका इयत्तेला शिकवितो व उरलेल्या तिघींना 'धडा उतरवून काढा' असे सांगतो. यात मुलांचा तीन चतुर्थांश वेळ वाया जातो. वस्तुतः भिन्न वयाच्या मुलांना एकत्र शिकविण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे कार्य केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही होती. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे त्यामागील सूत्र होते.

बहुवर्ग अध्यापनाचा मुख्य नियम असा : विषय एक असावा, काम इयत्तेप्रमाणे वेगळे असावे, शिक्षकाने एका वेळी एकाच गटाजवळ बसावे आणि त्या वेळी इतर गटांच्या हाती त्यांना स्वतः पुरे करता येईल असे काम असावे. नमुन्यादाखल एका पाठाचे टाचण पुढे दिले आहे.

नमुना पाठ : अंतराचे मापन

इयत्ता : पहिली ते चौथी एकत्र. साहित्य : सुती दोरी, मीटरपट्टी, खडे, पिशवी, घड्याळ, पाट्या.

पूर्वतयारी : चौथीच्या मुलांनी मीटरपट्टीने दोरी मोजून दहा मीटरवर गाठ मारावी. नंतर शिक्षकासह सर्वांनी शाळेच्या दारापासून ओढ्याच्या अलीकडील काठापर्यंतची वाट दोरीने मोजीत जावे. पाण्यात कोणीही उतरू नये.

पहिली : प्रत्येक दोरीमागे एक खडा पिशवीत टाकणे व मोठ्याने मोजणे.

दुसरी : परत आल्यावर खड्यांचे दहादहाचे ढीग करणे. समजा, ४७ खडे जमले. चार दशक व सात एकक ही संख्या मुलांच्या डोळ्यांपुढे साकार होते.

तिसरी : ४७ दोऱ्या, प्रत्येक दोरी १० मीटर, म्हणून ४७० मीटर. एक किलोमीटर होण्यास किती उणे ? १००० वजा ४७०, म्हणजे ५३० मीटर.

चौथी : परतताना न थांबता, पहिलीच्या मुलांच्या चालीने चालून घड्याळ पाहावे. समजा १० मिनिटे लागली. म्हणजे एका मिनिटास ४७ मीटर. शेजारच्या गावची शाळा २ किलोमीटर ३५० मीटरवर असेल तर तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल ? २३५० ला ४७ ने भागता ५० मिनिटे. जाऊनयेऊन १ तास ४० मिनिटे.

शिक्षक तिसरीजवळ बसलेला असताना पहिलीने वाटेचे चित्र काढावे, दुसरीने ढीग करून संख्या पाटीवर लिहावी आणि चौथीने दुसरीचे काम तपासून मग स्वतःची उदाहरणे सोडवावीत. शेवटी प्रत्येक गटातील एका मुलाने आपले उत्तर सर्वांना सांगावे.

पाठानंतरचे काम

फळ्यावर ५० मिनिटे हा आकडा आला की मुलांचा पाठ संपला. शिक्षकाचे काम मात्र संपले नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखालील नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळेचे अंतर एक किलोमीटरच्या आत असावे, असे धोरण आहे. म्हणून मोजलेले अंतर, पावसाळ्यात ओढा किती दिवस अडतो, वाटेत वस्ती आहे की रान, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत इतिवृत्तात लिहवून घ्यावे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. वाटेची खरी माहिती त्यांनाच असते. हे आंदोलन नव्हे, तक्रारही नव्हे. निर्णय घेणाऱ्यापुढे खरी हकीकत ठेवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय. अंतर वाढले की प्रथम गळते ते पहिलीदुसरीतील लहान मूल आणि धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी. समायोजन झालेच तर वाहनाची सोय मागताना हीच नोंद उपयोगी पडेल.

मुलांपुढे मात्र शाळा बंद होण्याची चर्चा करू नये. मोठ्यांची धास्ती मुलांच्या पाटीवर उतरता कामा नये.

मुलाबरोबर जाणारी वही

प्रत्येक मुलासाठी एक लहान वही ठेवावी. दर महिन्यास तिच्यात चार ओळी लिहाव्यात : मूल काय वाचू शकते, कोणती उदाहरणे सोडविते, कोठे अडते, काय केल्याने उमजते. 'प्रगती बरी' असा शेरा निरुपयोगी असतो; 'जोडाक्षरे वाचते, हातच्याच्या वजाबाकीत चुकते, खडे दिल्यास जमते' ही नोंद उपयोगाची. दाखला देण्याची वेळ आली तर दाखल्याबरोबर ही वहीही द्यावी. पहिल्या आठवड्यात नव्या शाळेत चौकशी करून मूल खरोखर वर्गात बसले की नाही, याची खात्री करून घ्यावी. दाखला दिला म्हणजे जबाबदारी संपली, असे समजू नये.

आपली शाळा राहील की जाईल, याचे उत्तर आज आपणापाशी नसेल. पण शाळा राहिली तर या मुलांना वाचता येत असले पाहिजे आणि गेली तरी या मुलांना वाचता येत असलेच पाहिजे. दोन्ही वाटांवर शिक्षकाचे आजचे काम एकच आहे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेपासून नजीकच्या शाळेचे अंतर मुलांच्या पावलांनी किती मिनिटांचे आहे ?

२. चारही इयत्तांना एकत्र घेता येईल असा भाषेचा एक घटक निवडून त्याचे टाचण तयार करा.

३. गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेचा दाखला घेऊन गेलेली मुले आज कोठे शिकत आहेत ? ज्यांचा पत्ता लागत नाही, त्यांचा शोध कोण घेणार ?