रक्तांतील संरक्षक द्रव्यें

देवी एकदां अंगावर येऊन गेल्या म्हणजे त्या माणसास पुनः देवी येत नाहींत, हें आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याहि शाळेंत न जातां ठाऊक होतें. देवींचें जगांतून निर्मूलन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, त्यामुळें आजच्या विद्यार्थ्यांनीं तो रोग पाहिलेला नाहीं. परंतु गोवराविषयीं हाच अनुभव घरोघर सांगतात. शरीर एकदां भेटलेल्या शत्रूस ओळखून ठेवितें, एवढें यावरून उघड दिसतें. पण ही ओळख शरीरांत राहते कोठें? ती एखाद्या पदार्थाच्या रूपानें आहे काय? असल्यास तो पदार्थ एका प्राण्याच्या शरीरांतून काढून दुसऱ्यास देतां येईल काय? या प्रश्नांचीं उत्तरें कांहीं प्रयोगशाळेंत मिळालीं, परंतु त्यांची खरी परीक्षा झाली ती आजारी मुलांच्या खाटांपाशीं. ती हकीकत आम्ही येथें देत आहों.

घटसर्प ज्यांनीं घरांत पाहिला असेल अशा वडील मंडळीस त्याचें वर्णन सांगावयास नको. लहान मुलाचा घसा दुखूं लागतो, गिळवत नाहीं, ताप येतो, आणि एकदोन दिवसांत घशांत करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरतो. तो पसरून श्वास कोंडला तर मूल डोळ्यांदेखत गुदमरतें. परंतु कित्येक मुलें श्वास मोकळा असतांहि पुढें हृदय एकाएकीं थांबून दगावत, याचें कोडें पुष्कळ दिवस उलगडत नव्हतें. जंतु तर घशांतच बसलेले. मग हृदयास इजा कोण करितो? पॅरिस येथें रू आणि येर्सिन या दोघां संशोधकांनीं १८८८ सालीं दाखवून दिलें कीं, हे जंतु एक विष तयार करितात आणि तें रक्तावाटे सर्व शरीरांत जातें.

शत्रु विष असेल तर उपायहि विषावर हवा. बर्लिन येथें कॉख यांच्या संस्थेंत बेरिंग हे जर्मन व कितासातो हे जपानी डॉक्टर काम करीत होते. १८९० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, जनावरास धनुर्वात किंवा घटसर्प सोसण्याची शक्ति आणली म्हणजे त्याच्या रक्तांत त्या विषाचा जोर मारणारें कांहीं द्रव्य उत्पन्न होतें. रक्त गोठल्यावर जें पिवळसर पाणी सुटतें त्यास रक्तजल म्हणतात. त्यांत हें द्रव्य असतें, आणि तें रक्तजल दुसऱ्या जनावरास टोचलें असतां त्याचेंहि रक्षण होतें. या द्रव्यास प्रतिविष असें नांव मिळालें. पुढें तें घोड्यांपासून काढूं लागले. कारण घोडा मोठा प्राणी असून त्याचें पुष्कळ रक्त काढलें तरी तो थोड्याच दिवसांत पहिल्यासारखा होतो. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या दंशावर जें औषध टोचतात तें अजूनहि याच रीतीनें घोड्यांच्या रक्तापासून तयार होतें, व त्या कामीं मुंबईच्या हाफकिन संस्थेचें नांव जुनें आहे.

१८९४ सालीं रू यांनीं पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयांतील अनुभव बुडापेस्ट येथील परिषदेंत सांगितला. पूर्वी घटसर्पानें जितकीं मुलें मरत त्याच्या सुमारें निम्मीं आतां मरतात, हें ऐकून युरोपभर आनंद झाला. तरीहि कित्येक डॉक्टर मान डोलवीनात, आणि आमच्या मतें त्यांची शंका रास्त होती. घटसर्पाची सांथ एका वर्षीं जोराची येते, दुसऱ्या वर्षीं सौम्य येते. मग गेल्या वर्षींच्या मृत्यूंशीं यंदाच्या मृत्यूंची तुलना केली तर श्रेय औषधाचें कीं सांथीच्या सौम्यपणाचें, हें कसें ठरवावें? शिवाय औषधाची कीर्ति झाली म्हणजे आईबाप साधा घसा दुखला तरी मूल रुग्णालयांत आणितात, आणि अशीं मुलें कोणत्याहि उपायानें बरींच होतात. त्यांतून घोड्याचें रक्तजल अगदीं निरुपद्रवी होतें असेंहि नाहीं. तें टोचल्यावर पुष्कळांच्या अंगावर पित्त उठे, सांधे दुखत, ताप येई.

हा वाद डेन्मार्क देशांतील योहान्नेस फिबिगर नांवाच्या एका तरुण डॉक्टरांनीं मिटविला. कोपनहेगन येथील ब्लेगदाम रुग्णालयांत त्यांनीं १८९६ च्या मे महिन्यापासून पुरें एक वर्ष एक नियम चालविला. आज जे घटसर्पाचे रोगी दाखल होतील त्यांस नेहमींचे उपचार आणि शिवाय रक्तजल. उद्यां जे येतील त्यांस नेहमींचे उपचार, पण रक्तजल नाहीं. परवां पुनः रक्तजल. रोगी कोणत्या दिवशीं आला एवढ्यावरून त्याचा वर्ग ठरे; डॉक्टरांची मर्जी किंवा बापाची पत यांस त्यांत वाव नव्हता. पुरें वर्ष घेण्याचें कारण असें कीं, रोगाचा जोर हिवाळ्यांत निराळा व उन्हाळ्यांत निराळा. तेव्हां सर्व ऋतु दोन्ही वर्गांच्या वांट्यास सारखे यावे. वर्षअखेर ४८४ रोग्यांचा हिशेब मांडण्यांत आला. रक्तजल दिलेल्या २३९ पैकीं ८ मेले. न दिलेल्या २४५ पैकीं ३० मेले. गणिताच्या वर्गांतील मुलांनीं शेंकडा प्रमाण स्वतः काढून पाहावें; पहिलें ३ हून थोडें अधिक व दुसरें १२ हून थोडें अधिक येईल. १८९८ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. फिबिगर यांस पुढें १९२६ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र या कामाबद्दल नव्हे, तर कर्करोगाविषयींच्या एका शोधाबद्दल, आणि तो शोध मागाहून चुकीचा ठरला! बक्षिसें देणारांची नजरहि कधीं कधीं अशी भलतीकडे जाते.

येथें वाचकांच्या मनांत एक प्रश्न उभा राहील, आणि तो राहावा अशीच आमची इच्छा आहे. त्या तीस जणांचें काय? त्यांतील कित्येक एक दिवस अलीकडे किंवा पलीकडे आले असते तर वांचले असते. आपलें मूल त्यांत असतें तर आपण काय म्हटलें असतें? आम्हांस असें वाटतें कीं, ज्या दिवशीं प्रयोगास आरंभ झाला त्या दिवशीं रक्तजलानें मूल वांचतें, कीं तें व्यर्थ जातें, कीं उलट अपाय होतो, हें खात्रीनें कोणासच सांगतां येत नव्हतें. खात्री असती तर एकालाहि तें नाकारणें पाप झालें असतें. खात्री नसतां सर्वांसच तें टोचीत सुटलें असते, तर खरें काय हें पुढच्या पिढीसहि कळलें नसतें. परंतु सर्व गोष्टी समजावून सांगून रोग्याची किंवा आईबापांची संमति घ्यावी असा नियम त्या काळीं रूढ नव्हता, ही उणीव मान्य केलीच पाहिजे. असे नियम जागतिक वैद्यक संघटनेनें १९६४ सालीं हेलसिंकी येथें घालून दिले. आज कोणत्याहि रुग्णालयांत असा प्रयोग करावयाचा तर तो आधीं निराळ्या समितीपुढें ठेवावा लागतो, पालकांची लेखी संमति व समजत्या वयाच्या मुलाचीहि कबुली घ्यावी लागते, आणि औषधाचा गुण मध्येंच स्पष्ट दिसला तर प्रयोग तेथेंच थांबवितां येतो. पालकांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, अशा वेळीं नाहीं म्हणण्याचा किंवा मधून बाहेर पडण्याचा त्यांस हक्क आहे, व त्यामुळें मुलाच्या नेहमींच्या उपचारांत उणें पडतां कामा नये.

प्रतिविष गुणकारी ठरलें. पण तें आहे काय, हें कळावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. विष असो वा जंतु असोत, परक्या वस्तूस अडविण्याकरितां शरीर जें द्रव्य निर्माण करितें त्या सर्वांस प्रतिद्रव्य असें नांव आहे. प्रतिविष हा त्याचाच एक प्रकार. स्वीडनमधील उप्साला येथें टिसेलियस यांनीं रक्तजलांतून विजेचा प्रवाह सोडून त्यांतील प्रथिनें वेगळीं करण्याचें यंत्र सिद्ध केलें व १९३७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. प्रवाहांत प्रत्येक प्रथिन आपापल्या गतीनें धांवतें. अल्ब्युमिन सर्वांच्या पुढें, आणि मागें आल्फा, बीटा व गॅमा ग्लोब्युलिनांचे तीन तांडे. पुढें त्यांनीं व अमेरिकन संशोधक काबाट यांनीं सशांस अंड्याच्या पांढऱ्या बलकांतील प्रथिन टोचून त्यांच्या रक्तांत प्रतिद्रव्य उत्पन्न करविलें. नंतर तेंच प्रथिन रक्तजलांत मिसळून त्यांतील प्रतिद्रव्य काढून टाकलें, तों शेवटचा म्हणजे गॅमा तांडा एकदम रोडावला! १९३९ सालच्या या एका प्रयोगानें प्रतिद्रव्याचा पत्ता लागला.

पत्ता लागला खरा. पण हा तांडा माणसाच्या शरीरांत मुळींच नसेल तर काय होईल? असा प्रयोग मुद्दाम कोणी करणार नाहीं, व करूंहि नये. तो निसर्गानेंच करून ठेविला होता.

अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयांत आठ वर्षांचा एक मुलगा उपचार घेत होता. न्युमोनियाचे जंतु त्याच्या रक्तांत शिरत, ताप भडके, पेनिसिलीन दिल्यानें तो उतरे, आणि कांहीं दिवसांनीं पुनः तोच प्रकार. निदान १९ वेळां त्याला असा जीवघेणा आजार झाला, व त्यांपैकीं १० वेळां त्याच्या रक्तांत ते जंतु प्रत्यक्ष सांपडले. त्याचे डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनीं त्या जंतूंची लस टोचून पाहिली. तरीहि प्रतिद्रव्य उत्पन्न होईना. अखेर त्याचें रक्तजल टिसेलियस यांच्या पद्धतीनें तपासलें. एकंदर प्रथिनांचें मान नेहमींइतकेंच होतें, परंतु गॅमाच्या जागीं कांहींच नव्हतें.

निदान आणि उपाय येथें हातांत हात घालून आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हार्वर्ड विद्यापीठांतील एडविन कोहन यांनीं लोकांनीं दान केलेल्या रक्तांतून गॅमा ग्लोब्युलिन वेगळें काढण्याची रीत बसविली होती, व गोवराची बाधा टाळण्याकरितां तें वापरीत असत. ब्रूटन यांनीं तेंच या मुलास दर महिन्यास त्वचेखालीं टोचण्यास आरंभ केला. दर महिन्यास कां, तर या द्रव्याचा निम्मा भाग सुमारें तीन आठवड्यांत शरीरांतून नाहींसा होतो. उसनें आणलेलें धान्य जसें सरतें तसें तें सरतें, कारण नवें पिकविणारें शेतच त्या शरीरांत नाहीं. इंजेक्शनें सुरू झाल्यावर वर्षाहून अधिक काळ लोटला तरी रक्तदोषाचा तो आजार पुनः आला नाहीं. १९५२ सालीं ब्रूटन यांनीं ही हकीकत प्रसिद्ध केली.

मग अशींच आणखी मुलें निरनिराळ्या ठिकाणीं आढळूं लागलीं. सर्व मुलगे, आणि पहिले कांहीं महिने ठणठणीत, कारण जन्मापूर्वीं आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यें तोंपर्यंत पुरतात. यांत एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. न्युमोनियाच्या जंतूंपुढें हतबल होणारीं हीं मुलें गोवर किंवा कांजिण्या यांतून बहुधा इतर मुलांसारखींच बरीं होत. प्रतिद्रव्याशिवाय दुसरीहि कांहीं सेना शरीरांत असली पाहिजे, हें यावरून सुचलें. त्याच सुमारास ग्लिक हे विद्यार्थी अमेरिकेंत कोंबड्यांच्या शेपटीजवळील एका लहानशा पिशवीचा अभ्यास करीत होते. ती काढून टाकलेल्या कोंबड्यांच्या रक्तांत प्रतिद्रव्य तयार होत नाहीं, असें अगदीं सहजगत्या दिसून आलें. १९५६ सालीं हा शोध छापला गेला तो कुक्कुटपालनाच्या मासिकांत, आणि डॉक्टर लोकांनीं तो बरीच वर्षें वाचलाच नाहीं. १९६५ सालीं कूपर, गुड व त्यांचे सहकारी यांनीं हे धागे जोडून दाखविलें कीं, प्रतिद्रव्यें करणाऱ्या पेशी वेगळ्या व रोगट पेशींवर स्वतः चालून जाणाऱ्या पेशी वेगळ्या. ब्रूटन यांच्या रोग्याप्रमाणें आजारी पडणाऱ्या मुलांतील मूळ दोष कोणत्या जनुकांत आहे, तें १९९३ सालीं सांपडलें. तें जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतें, म्हणून हा रोग मुलग्यांसच होतो.

दोष सांपडला तरी अशा बहुतेक मुलांचें जीवन अजून त्या उसन्या प्रथिनावरच चालतें. शिरेंतून किंवा त्वचेखालीं तें आयुष्यभर घ्यावें लागतें. तें तयार करितांना हजाराहून अधिक माणसांचें रक्तद्रव एकत्र मिसळतात, कारण एकाच माणसाच्या रक्तांत सर्व रोगांचीं प्रतिद्रव्यें असत नाहींत. कोणास गोवर येऊन गेलेला असतो, कोणी धनुर्वाताची लस घेतलेली असते, कोणी लहानपणीं न्युमोनियांतून उठलेला असतो. या सर्वांच्या शरीरांनीं जें करून ठेविलें तें एका लहानशा बाटलींत येतें, आणि तीन-चार आठवड्यांनीं दुसरी बाटली लागते.