पाळीव कुत्र्याच्या मूत्राचा नमुना: कसा घ्यावा व कसा जपावा

मुक्या प्राण्यास आपले दुखणे सांगता येत नाही. ते जाणून घेण्यास पशुवैद्यास जी साधने उपलब्ध असतात, त्यांत मूत्रपरीक्षेचे स्थान महत्त्वाचे आहे. कुत्र्याच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे ४ लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश निकामी झाल्या की मूत्र दाट करण्याची शक्ती क्षीण होते. रक्तातील क्रिएटिनीन मात्र साधारणतः तीन-चतुर्थांश गाळण्या गेल्यावरच वाढलेले आढळते. म्हणजेच रक्तात दोष दिसण्यापूर्वीही मूत्र धोक्याची सूचना देऊ शकते. परंतु ही सूचना खरी ठरावयाची तर नमुना शुद्ध व ताजा असला पाहिजे.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या मूत्राचा घ्यावा. रात्रभर कुत्रा फारसे पाणी पीत नाही. त्यामुळे हे मूत्र सर्वांत दाट असते. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० धरल्यास निरोगी कुत्र्याच्या अशा मूत्राचे ते बहुधा १.०३० हून अधिक भरते. तथापि मूत्र दाट व्हावे म्हणून कुत्र्याचे पाणी तोडू नये. मूत्रपिंड आधीच दुबळे असल्यास तसे करणे घातक ठरते.

पशुवैद्याकडून मिळणारी झाकणाची नवी बाटली सर्वांत चांगली. घरातील भांडे वापरावयाचे झाल्यास ते गरम पाण्याने अनेकदा विसळून कोरडे करावे. मधाच्या बाटलीत साखरेचा अंश राहिला, तर निरोगी कुत्र्यास मधुमेह झाल्याचा भास होतो. साबण किंवा जंतुनाशक द्रव्य राहिल्यासही परीक्षेचे निष्कर्ष चुकतात.

कुत्र्यास आखूड दोरीने बांधून नेहमीच्या वाटेने फिरावयास न्यावे. नर पाय वर करतो. त्याच्या धारेखाली लांब दांड्याची पळी धरणे सोयीचे पडते. मादी खाली बसते. तिच्याखाली मागील बाजूने उथळ ताटली हलकेच सरकवावी. पहिली धार सोडून द्यावी, कारण तीत बाहेरील घाण व केस मिसळलेले असतात. ५ ते १० मिलिलिटर मूत्र पुरेसे होते. जमिनीवर सांडलेले मूत्र कधीही टिपून घेऊ नये. हातांत रबरी मोजे अवश्य घालावेत. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू रोगी कुत्र्याच्या मूत्रातून बाहेर पडतात व त्वचेवरील जखमांवाटे मनुष्याच्या शरीरात शिरू शकतात.

नमुना अर्ध्या तासात पोहोचविणे उत्तम. उशीर होत असल्यास बाटली घट्ट बंद करून शीतकपाटात ठेवावी. मात्र गोठवू नये. उबेत राहिलेल्या मूत्रात जंतू वाढतात, साखर खातात, अमोनिया निर्माण करतात आणि पेशी विरघळून जातात. उलट, थंडीने मूळचे नसलेले स्फटिकही तयार होतात. यास्तव नमुना केव्हा घेतला व कोठे ठेवला, हे पशुवैद्यास सांगावे. जंतूंचे संवर्धन करून पाहावयाचे असल्यास पशुवैद्य सुईने थेट मूत्राशयातूनच नमुना घेतात. तेथे घरचा नमुना चालत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. कुत्रा वारंवार कुंथत असून मूत्राचा थेंबही बाहेर पडत नसेल, तर मार्ग अडला असण्याचा संभव असतो. अशा वेळी नमुन्याची वाट न पाहता त्यास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे; कारण विलंब झाल्यास प्राणावर बेतते.